४८ की ४६?

श्रोतेहो, नमस्कार. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती? शाळकरी मूलही सांगेल, ४६. तेवीस आईची, तेवीस वडिलांची. पण १९२३ पासून पुढची तीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांत आकडा होता ४८!

तो मोजला होता अमेरिकेतले प्राणिशास्त्रज्ञ पेंटर यांनी. ऊतकाचे पातळ काप घ्यायचे, त्यात गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली. गुंतवळीतले केस मोजण्यातलाच प्रकार. मग १९५२ च्या सुमारास अमेरिकेतच टी. सी. शू या संशोधकांनी नेहमीसारखी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पाहतात तर काय, एकूण एक गुणसूत्र सुटं! पुन्हा करून पाहिलं, तर पुन्हा गुंताच. मग पेशी धुण्याच्या द्रावणातला एकेक घटक बदलत बसले. काही महिन्यांनी उलगडा झाला. त्या दिवशी क्षारद्रावण करताना कुणाचं तरी माप चुकलं होतं आणि ते पातळ झालं होतं. बाहेर क्षार कमी, म्हणून पाणी आत शिरलं, पेशी टम्म फुगल्या आणि गुंतवळ सुटली. माप कुणाचं चुकलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

खरी गंमत पुढेच. इतकं लख्ख दिसत असूनही शू यांनी मोजली ४८! पुस्तकात तसं होतं ना. (सूक्ष्मदर्शकात न डोकावता आकृती पाठ करून काढली की पूर्ण गुण देतात, ते मला म्हणूनच पटत नाही. असो.) अखेर डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन च्यो यांनी नीट मोजली. ४६. सहकारी लेवान यांच्यासह १९५६ मध्ये तसं छापलं.

४६ नक्की झाली, म्हणून तर ४७ ओळखता आली. १९५९ मध्ये डाऊन सिंड्रोम या जन्मजात स्थितीत २१ वं गुणसूत्र तीनदा सापडलं. त्याच वर्षी मुलींमधल्या टर्नर सिंड्रोममध्ये ४५ आणि मुलग्यांमधल्या क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये ४७. डाऊनमध्ये बहुतेक वेळा बीजांड तयार होताना २१ व्याची जोडी सुटत नाही, दोन्ही एकाच बाजूला जातात. आईच्या वयाबरोबर हे वाढतं. तिने काय खाल्लं, काय उचललं, याचा काडीचा संबंध नाही. तरी बोट तिच्याकडेच.

आजही कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रं मोजून-मांडून पाहण्याची तपासणी, करताना द्रावण पातळ करण्याची ती चूक मुद्दाम केली जाते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ३७ अंशांवर सुमारे ७२ तास वाढवतात, कोल्चिसिन या रसायनाने विभाजन मध्येच थांबवतात, मग पातळ क्षारद्रावणात फुगवतात. रंग देऊन साधारण २० पेशी मोजतात. रक्त हेपारिनच्याच (रक्त साकळू न देणारं रसायन) नळीत हवं. हेपारिनच्याच, ईडीटीए या तशाच दुसऱ्या रसायनाच्या नव्हे. तिच्यात पेशी नीट वाढत नाहीत. आणि नमुना फ्रीझरमध्ये गोठवू नका, मेलेली पेशी विभागत नाही.

आता अहवाल. डाऊनच्या शंभरातल्या तीन-चार मुलांत आकडा ४६ च असतो. जास्तीचं २१ वं दुसऱ्या गुणसूत्राला, बऱ्याचदा १४ व्याला, चिकटलेलं असतं. पालकांपैकी एकाकडे अशी जोडणी असली तर त्याची भरतात ४५, आणि तो ठणठणीत. म्हणून आकड्यापुढचं वाचा. ‘स्थानांतरण’ किंवा ‘ट्रान्सलोकेशन’ दिसलं, तर पुढच्या गरोदरपणाआधी आई आणि वडील, दोघांचंही रक्त तपासा. दोघांचंही.