सात टिचक्या

(दृश्य: तापकीर गल्ली, सकाळ. शटर वर जातं.)

बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. दगडूशेठची गर्दी इथून चालत पाच मिनिटांवर. दिव्यांच्या माळा, वायरींची भेंडोळी, चार्जर, हेडफोन आणि या पसाऱ्यात दोन माणसं जेमतेम मावतील असा एक गाळा. मोबाइल दुरुस्तीचा.

(दृश्य: टेबल, निळी रबरी चटई. तिच्यावर दोन फोन.)

डावीकडे आयफोन. थोरल्या बहिणीने नवा घेतला, म्हणून हा धाकटीकडे आला. अंगावर ओरखडा नाही. उजवीकडे वनप्लस वन, २०१४ सालचा. त्याचं काळं कव्हर हाताला पॉलिश पेपरसारखं लागतं. कंपनी त्याला सँडस्टोन म्हणायची. एका बाजूने मात्र ते घासून गुळगुळीत झालंय, रोज एकाच हाताने धरल्यासारखं. हा बाबांचा. बरीच वर्षं कपाटात होता, बॅटरी फुगून कव्हर किंचित वर आलंय.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलीला यातला एक रोजच्या वापराला ठेवायचाय. दुसरा विकून लॅपटॉपला रॅम घ्यायचीय. कोणता ठेवणार, हे विचारायचं आम्ही ठरवलं होतं. कॅमेरा सुरू होईपर्यंत तिने उजवा उचललेला होता.

(दृश्य: आयफोनचा खालचा काठ, भिंगातून.)

तरी आधी डावीकडचा बघू. चार्जिंगच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक स्क्रू. भिंगाखाली त्यांच्या डोक्यावर पाच पाकळ्यांचं फूल दिसतं. हा पेंटालोब. आयफोन ४ च्या काळात तो आला. आता त्याचा स्क्रूड्रायव्हर या गल्लीत चहाच्या दोन कपांच्या किमतीला मिळतो, म्हणजे हे कुलूप काही फार टिकलं नाही.

खरं कुलूप आत आहे. फोन सुरू होताना चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो पुढच्या प्रोग्रॅमवरचा डिजिटल शिक्का तपासतो, तो त्याच्या पुढच्याचा, तो आणखी पुढच्याचा. शिक्का एकाच कंपनीचा. कुठेही शिक्का जुळला नाही, की रांग तिथेच थांबते. बाहेरची बॅटरी किंवा डिस्प्ले टाकला, तर सेटिंगमध्ये पाटी लागते की हा भाग ओळखीचा नाही. गाळ्यातले दादा म्हणतात, “गिऱ्हाईक ती पाटी बघतं आणि माझ्याकडे बघतं.”

(दृश्य: जुनी छायाचित्रं, पहिल्या आयफोनची रांग.)

पहिला आयफोन अमेरिकेत विक्रीला आला २९ जून २००७ ला. तो एटी अँड टी या एकाच कंपनीच्या नेटवर्कवर चालायचा. दोनच महिन्यांत न्यू जर्सीतल्या १७ वर्षांच्या जॉर्ज हॉट्झने त्याचं हे बंधन तोडलं. हार्डवेअर उघडून, सोल्डरिंगची हत्यारं हातात घेऊन. ॲप स्टोअर तर तेव्हा नव्हतंच, ते आलं जुलै २००८ मध्ये. त्याआधी या फोनवर बाहेरचा प्रोग्रॅम चढवला तो अशाच उपद्व्यापी पोरांनी.

मग आला अँड्रॉइड. स्टीव्ह कोंडिक या अमेरिकन प्रोग्रॅमरने पहिल्याच अँड्रॉइड फोनसाठी स्वतःची सुधारित आवृत्ती बनवली आणि २००९ पासून ती सायनोजेनमॉड या नावाने पसरली. त्याच वर्षी गूगलने त्याला नोटीस धाडली, कारण त्याने जीमेल, मॅप्स वगैरे गूगलची मालकीची ॲप्स सोबत बांधली होती. कोंडिकने ती काढली. बाकीचं तसंच वाटत राहिला. पुढे त्याची सायनोजेन नावाची कंपनी झाली, आणि २०१४ मध्ये एक फोन थेट कारखान्यातूनच हे सॉफ्टवेअर घालून बाहेर पडला.

(दृश्य: टेबलावरचा वनप्लस वन. कॅमेरा हळूहळू जवळ.)

तोच हा. भारतात डिसेंबर २०१४ मध्ये आला, किंमत २१,९९९ रुपये, आणि तीही निमंत्रण मिळालं तरच. आला आणि आल्या आल्या कोर्टात गेला. भारतापुरते सायनोजेनचे हक्क मायक्रोमॅक्सने आपल्या ‘यू’ फोनसाठी घेऊन ठेवले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने आधी वनप्लसच्या विक्रीला अटकाव केला, थोड्याच दिवसांत तो उठला. वनप्लसने पुढे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं. सायनोजेनने डिसेंबर २०१६ मध्ये गाशा गुंडाळला. स्वयंसेवकांनी मात्र तोच कोड उचलून लिनिएज ओएस नावाने काम पुढे चालू ठेवलं.

या फोनचं गणित बघा. दुकानातून निघाला तेव्हा आत अँड्रॉइड ४.४. अधिकृत अपडेट संपले अँड्रॉइड ६ वर. स्वयंसेवकांनी त्याला अँड्रॉइड ११ पर्यंत आणून सोडलं, एक रुपया न घेता. हे शक्य झालं ते एकाच कारणाने. बनवणाऱ्याने याच्या बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू होताना मुख्य सॉफ्टवेअरला जागं करणाऱ्या प्रोग्रॅमचं, कुलूप उघडता येईल असं ठेवलं होतं.

(दृश्य: कव्हर निघतं. पत्र्याचा पिक, हीट गन.)

दादा आधी बॅटरी काढतात. फुगलेल्या बॅटरीला घाई चालत नाही. खालचा डिंक मऊ पडेपर्यंत गरम हवा, मग प्लॅस्टिकची पट्टी, थोडी डावीकडून, थोडी उजवीकडून. पत्रा आत घुसला तर धूर. दादा या वेळी कुणाशीच बोलत नाहीत, समोर गिऱ्हाईक आलं तरी. सॉफ्टवेअरचं काम मात्र त्यांचं नाही. त्यांच्याकडे लोक “सॉफ्टवेअर मारून द्या” म्हणत येतात, म्हणजे बंद पडलेला फोन पुन्हा कंपनीचा होता तसा करून द्या. कंपनीचं काढून लिनिएज घालायचं हे उलटं काम ती स्वतः करणार आहे.

नवी बॅटरी बसली, फोन उजळला.

(दृश्य: लॅपटॉपला केबल. पडद्यावर फोटोंची यादी सरकतेय.)

कुलूप उघडलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं. म्हणून आधी फोटो लॅपटॉपवर.

(इथे निवेदन नाही. चाळीस सेकंद फक्त पडदा आणि तिचा चेहरा.)

आता सेटिंग. ‘अबाउट फोन’. सगळ्यात खाली बिल्ड नंबर. त्यावर टिचकी. काही होत नाही. पुन्हा टिचकी. तिसरी, चौथी. फोन सांगायला लागतो, आता इतक्याच उरल्या. सातवीला पडद्यावर एक ओळ येते: तुम्ही आता डेव्हलपर झालात. ही दारावरची कडी गूगलनेच ठेवलीय, आणि ठेवलीय ती अशी की चुकून कुणाचा हात लागू नये.

फोन बंद. व्हॉल्यूम वाढवायचं बटण आणि पॉवर, दोन्ही एकदम दाबून धरायचे. फास्टबूट, म्हणजे केबलवरून लॅपटॉपचे हुकूम ऐकणारी फोनची अवस्था. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत ती तीन शब्द टाइप करते, एंटर मारते. बूटलोडर उघडला. आवाज नाही, रोषणाई नाही, कॅमेऱ्याला दाखवण्यासारखं काहीच नाही.

मग रिकव्हरी. मुख्य सॉफ्टवेअर झोपलेलं असताना फोनवर काम करता यावं म्हणून असलेलं हे छोटं सॉफ्टवेअर. आधी ते बदललं, मग त्याच्यातून लिनिएज आत ढकलायला सुरुवात. टक्के वाढतात. २०. ३५. ४७.

(दृश्य: ४७ वर थांबलेला आकडा. तिचा हात केबलवर, हलत नाही.)

४७ वर आकडा थांबतो. नवखा माणूस इथे घाबरून केबल ओढतो आणि फोनची वीट करून घेतो. ती ओढत नाही. लॅपटॉपवर ४७ दिसून काम संपणं, हे ज्यांनी हे कधी केलंय त्यांच्या नेहमीचं आहे. फोनच्या पडद्यावर ओळी पुढे सरकतायत, तिकडेच बघायचं. दादा शेजारच्या गाळ्यातून चहा मागवतात. पेला तिच्यासमोर ठेवताना त्यांची नजर काळ्या खिडकीवर जाते. “ताई, हे आम्हाला शिकवा एकदा.”

फोन पुन्हा सुरू होतो. पडद्यावर एक वक्र रेघ, तिच्यावरून सरकणारं एक वर्तुळ. पहिल्या वेळी हे बराच वेळ चालतं. आम्ही ते कापलेलं नाही.

(दृश्य: वर्तुळ. गल्लीतला गोंगाट. मग होम स्क्रीन.)

बँकेचं ॲप उघडलं नाही. फोनचं कुलूप उघडं आहे हे गूगलच्या तपासणीत कळतं आणि ॲप पाठ फिरवतं. पैसे पाठवायचे तर आईचा फोन. कॉल लावला की फोन फोर-जी सोडून खाली उतरतो. चोरीला गेला तर उघड्या कुलपाचा फायदा चोरालाही. आणि डावीकडच्या फोनच्या कंपनीने २०१५ च्या मॉडेलला २०२१ सालचं सॉफ्टवेअर दिलं होतं, हेही खरंच. तो हिशेब वेगळ्या फिल्मचा.

(दृश्य: आयफोन खोक्यात. ती बहिणीला व्हिडिओ कॉल लावते.)

बहीण पलीकडून म्हणते, “वेडी आहेस का गं?” ती हसते. फोन फिरवून मागचं कव्हर दाखवते. बहीण काही वेळ बोलत नाही, मग म्हणते, “कोपरा अजून सैलच आहे का?”

(दृश्य: कव्हर परत बसतंय. जवळून, फक्त बोटं.)

कव्हर दाबलं की चारही कोपऱ्यांना टक असा आवाज यायला हवा. एक. दोन. तिसऱ्याला येत नाही. चार.

(निवेदन संपतं. गल्लीचा आवाज तसाच.)