किल्ली फ्रिजमध्ये

[दृश्य: एक हात फ्रिजचं दार उघडतो, वरच्या कप्प्यात गाडीची किल्ली ठेवतो.]

ही किल्ली इथे चुकून राहिलेली नाही. फ्रिजची घरघर आपल्याला ऐकू येत नाही, कारण कान सरावलेले असतात. माइक सरावत नाही. म्हणून शूटच्या आधी फ्रिज बंद करायचा, आणि पॅकअपनंतर तो सुरू करायचा राहू नये म्हणून गाडीची किल्ली त्याच्याच पोटात ठेवायची. साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे ही. आमच्या लघुपटाच्या शूटवर आम्हाला ती कळली दुसऱ्या दिवशी.

पहिल्या दिवशी फ्रिज चालू होता.

[दृश्य: खोली. ट्रायपॉड, दोन लाइट, गर्दी.]

पटकथा १२ पानांची. पानाला एक मिनिट असा ढोबळ हिशेब, म्हणजे १२ मिनिटांचा लघुपट. एक खोली, दोन पात्रं, तीन दिवस. निर्मितीची बाजू माझ्याकडे होती. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये निर्माती म्हणजे परवानग्या मागणारी, चार्जर शोधणारी आणि सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडणारी. पैशांची वाटणीही माझीच. कॅमेरा भाड्याने घेतला, लेन्स चांगली घेतली. आवाजाचं काय, असं कुणीतरी विचारलं होतं. ‘उरले तर बघू,’ हे उत्तर मीच दिलं होतं.

[दृश्य: पहिल्या दिवसाचा क्लोजअप. नट जमिनीवर बसलाय, गुडघे पोटाशी.]

हा शॉट बघा. खिडकीतला उजेड गालावर कसा पडलाय. आता ऐका.

[मूळ आवाज, ८ सेकंद.]

विहिरीतून बोलल्यासारखं वाटतंय ना? माइक कॅमेऱ्यावरच बसवलेला होता आणि कॅमेरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला. लेन्स बदलून चेहरा जवळ आणता येतो, आवाज आणता येत नाही. अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. भिंतींवरून येणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. एवढं साधं गणित, पण शूटवर कुणी हेडफोन लावलेच नव्हते. मॉनिटरभोवती मात्र सहा जण उभे होते.

[दृश्य: दुसरा दिवस. बूम धरलेले दोन हात.]

दुसऱ्या दिवशी बूम, म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावलेला माइक, आणि वेगळा रेकॉर्डर उसना आणला. बूम धरणारी आमच्या वर्गातलीच, पहिल्यांदाच धरत होती. तिची मनगटं बघा. चौथ्या टेकपर्यंत काठी स्थिर आहे, सातव्या टेकला टोक थरथरायला लागतं. ती अंगठी काढून खिशात टाकते ना, ते काठीवर टिकटिक वाजत होती म्हणून. आणि प्रत्येक टेकआधी भिंतीकडे बघते, ते बूमची सावली पडत नाही ना, यासाठी.

[दृश्य: क्लॅप.]

चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे, त्यामुळे क्लॅप, म्हणजे टेकआधी कॅमेऱ्यासमोर वाजवायची पट्टीची पाटी, आलाच. पट्टी टेकते ती फ्रेम शोधायची, आवाजाच्या आलेखात उभा टोकदार काटा शोधायचा, आणि दोन्ही एकाखाली एक बसवायचे. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. तीनेक फ्रेम सरकल्या तरी ओठ पुढे आणि शब्द मागे. एका टेकला क्लॅप फ्रेमच्या बाहेरच वाजला. तो टेक आम्ही टेबलावर कप ठेवल्याच्या आवाजावरून जुळवला. बरं झालं, कप जोरात ठेवला होता.

तिसऱ्या दिवसाचं चित्रण नाही. पडद्यामागचं टिपणारा फोन त्या दिवशी टॉर्च म्हणून वापरात होता.

[दृश्य: डबिंग. काचेपलीकडे नट, समोर स्क्रीन.]

पहिल्या दिवसाचा सीन डब करावा लागला. नट तोच, वाक्य तेच, ओठही बरोबर जुळत होते. पण खोटं वाटत होतं. नऊ टेक झाले. मग लक्षात आलं, शूटला तो जमिनीवर गुडघे दुमडून बसला होता आणि इथे ताठ उभा आहे. पोट दाबलेलं असलं की आवाज वेगळाच निघतो. त्याला खाली बसवलं, माइक खाली आणला.

[दृश्य: नट जमिनीवर, डोळे स्क्रीनवर. बोलतो.]

हा दहावा टेक. फिल्ममध्ये हाच आहे.

फिल्म शेवटी नऊ मिनिटांची झाली. ज्या गाण्यावर शेवटाचं एडिटिंग केलं होतं, त्याची लेखी परवानगी घेतलेली नव्हती, ते काढावं लागलं. दोन महोत्सवांनी नकार कळवला.

[दृश्य: दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. खोलीत सगळे जागच्या जागी थिजलेले.]

हे फोटोसाठी थांबलेले नाहीत. हा रूम टोन. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि माणसं आत असताना आणखी वेगळी. दोन वाक्यांमधली जागा नुसती कोरी ठेवली तर आवाज तुटल्यासारखा वाटतो, तिथे ही शांतता भरावी लागते. म्हणून कुणीही बाहेर जायचं नाही, कुणीही हलायचं नाही. ३० सेकंद. दिग्दर्शकाचा एक पाय अजून हवेत आहे.

[निवेदन थांबतं. मूळ आवाज, पूर्ण ३० सेकंद.]