बाराबंदी, निब आणि नायट्रिक ॲसिड

सिद्धेश्वर यात्रेवर मुलांचं पुस्तक काढायचं ठरलं की सोलापूरच्या चित्रकाराला पहिली अडवते ती बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा. संक्रांतीला सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या निघतात, ते पेलणारे भक्त पांढऱ्या बाराबंदीत, आणि कागदही पांढराच! इथे बाराबंदी रंगवायचीच नाही. मागच्या गर्दीतल्या इरकल साड्यांना दाट हिरवा-जांभळा भरायचा आणि माणसाचा आकार कोरा सोडायचा. काखेतल्या चुण्या, बंदांच्या गाठी तेवढ्या निळसर करड्या. पांढरं आपोआप उठून दिसतं.

मग उंचीचा प्रश्न. आडव्या पानावर अख्खा ध्वज बसवला तर माणसं मुंगीएवढी होतात. त्यापेक्षा नजर जमिनीलगत ठेवावी आणि टोक खुशाल पानाबाहेर जाऊ द्यावं. चित्र दोन पानांवर पसरणार असेल तर ध्वज किंवा चेहरा मधोमध नको, बांधणीत गडप होतो. कडेला ३ मिलिमीटर चित्र जास्तीचं हवंच. नाहीतर कटिंगला कागद जरा सरकला तरी पांढरी पट्टी राहते.

चित्रकाराची वाट ठरलेली: एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, मग कलाशिक्षण. पुस्तकं हातात येईपर्यंत पाट्या, लग्नपत्रिका, चादरींची डिझाइनं. जॅकार्ड मागावर विणायची नक्षी ग्राफपेपरवर भरताना एक चौकोन चुकला, तर तोच दोष चादरभर उमटत राहतो. हाताला शिस्त लागते ती इथे.

चित्रं धातूच्या ब्लॉकवरून छापत त्या काळात चित्र दुप्पट आकारात, निबनं काळ्या शाईत काढत. कॅमेऱ्यानं लहान करून ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचं. मग रेघांमधली जागा नायट्रिक ॲसिड खाई. चित्र निम्म्यावर आलं की रेघांमधलं अंतरही निम्मं. दाट रेघांची सुंदर सावली छापून यायची ती नुसता काळा डाग होऊन. जाणता चित्रकार म्हणून रेघा विरळच ठेवी.

आज टॅब्लेट आहे. रंगीत चित्र छपाईच्या आकारात ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला इतके ठिपके), निव्वळ रेषांचं १२००. पण पडद्यावरचा झळझळीत भगवा छपाईच्या चार शायांत मळकट होतो. प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, पुस्तकाच्याच कागदावर काढून बघावं.

आणि लेखी करार आधी. पैसे देऊन करवून घेतलेल्या पेंटिंगचा कॉपीराइट, वेगळं ठरलेलं नसेल तर, १९५७च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे काम देणाऱ्याकडे जातो. दुसऱ्या आवृत्तीचं मानधन, मुखपृष्ठाचा वेगळा दर, मूळ चित्रं परत मिळणं, हे सगळं पहिलं स्केच देण्यापूर्वी कागदावर हवं.