पंधरा दिवस कुणाच्या घड्याळाचे?

रोजगार हमी हा आपल्या राज्याच्या अभिमानाचा विषय. १९७२च्या दुष्काळात वि. स. पाग्यांची ही कल्पना राज्यभर राबली, १९७७ साली तिचा कायदा झाला, २००५ साली देशाचा झाला. हा इतिहास तुम्ही बऱ्याच भाषणांत ऐकला असेल, त्यात वेळ घालवत नाही. मी बोलणार आहे ते पगार वेळेवर पडण्याबद्दल.

२००५चा कायदा सांगतो, मजुरी दर आठवड्याला द्या, फार तर पंधरवड्याच्या आत. आता पैसे कुठल्या वाटेनं येतात ते बघा. मस्टर, म्हणजे कामावरचा हजेरीपट, बंद होतं, कामाचं मोजमाप होतं, नोंदी तालुक्याला संगणकात चढतात, सह्या होतात आणि पैसे पाठवण्याचा आदेश निघतो, त्याला सगळे एफटीओ म्हणतात. हा झाला पहिला टप्पा, तालुक्याचा. तिथून पुढे दिल्लीनं तो आदेश मंजूर करून पैसे मजुराच्या खात्यात टाकायचे, हा दुसरा. उशीर दोन्हीकडे होतो. सरकारी हिशेबात मात्र उशीर मोजला गेला तो एफटीओ निघेपर्यंतचाच. तालुक्यानं दहाव्या दिवशी एफटीओ काढला की कागदावर मजुरी वेळेत. मग दिल्लीत ती दोन महिने पडून राहिली तरी उशीर शून्य!

सोळाव्या दिवसापासून भरपाई द्यायची तरतूद आहे, रोजची ०.०५ टक्के. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजच्या मजुरीचा दर ३१२ रुपये होता. सहा दिवसांच्या मस्टरचे १,८७२ रुपये झाले, त्यावर रोजची भरपाई पडते ९४ पैसे. पगार महिनाभर रखडला तर हातात अठ्ठावीस रुपये. किराणावाला एवढ्यावर उधारी लांबवेल का? आणि हे अठ्ठावीसही सरसकट मिळत नाहीत. भरपाई नाकारायचा अधिकार तालुक्याच्या अधिकाऱ्याला, आणि नाकारण्याच्या कारणांच्या यादीत 'निधी नाही' हेही एक. ज्या कारणानं उशीर झाला, तेच कारण भरपाई नाकारायला चालतं.

मे २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच प्रश्नावर निकाल दिला. पंधरवड्यात मजुरी हा मजुराचा हक्क आहे, कारभारातली ढिलाई सरकारांनी आपसात निस्तरावी, असं त्याचं सार. तरी २०२१ साली केंद्रानं नवंच काढलं: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर अशा तीन वर्गांचे एफटीओ वेगळे. एकाच बांधावर, एकाच मस्टरवर राबलेल्या माणसांचे पगार वेगवेगळ्या दिवशी पडायला लागले. बांधावर भांडणं लागणारच की! ओरड झाल्यावर ती पद्धत बदलावी लागली.

जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. गावात काम काढलं तरी का जातात, असं साहेबलोक विचारतात. अहो, भट्टीवाला आधी उचल देतो, मग राबवून घेतो. पुढे हिशेबात तो नागवतो हे त्या माणसांना पुरतं ठाऊक असतं. पण आज घरात तांदूळ हवा असतो, आणि रोजगार हमीचा पैसा कधी येईल ते ग्रामरोजगार सेवकही सांगू शकत नाही. त्या बिचाऱ्याच्या मानधनाची तरी कुठे खात्री आहे! माझ्या मते स्थलांतर रोखायला कामं वाढवण्याइतकंच पगाराची तारीख पाळणं गरजेचं आहे.

डिसेंबर २०२५मध्ये संसदेनं २००५च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. वर्षाला हमीचे कामाचे दिवस शंभराचे सव्वाशे झाले, त्याची जाहिरात होईलच. तुम्ही खर्चाची वाटणी बघा. आधी अकुशल मजुरी सगळी केंद्राची होती, आता बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४०. म्हणजे एका पगारासाठी दोन तिजोऱ्या उघडायच्या. एकीनं उघडली आणि दुसरीनं नाही, तर तो उशीर कुणाच्या नावावर मांडायचा आणि भरपाई कुणी द्यायची? तुमच्या आमदारांना हे आत्ताच विचारा, पहिली मस्टरं तुंबायच्या आधी.