मतलई वाऱ्यात ड्रायव्हरचं मोजमाप

दृश्य: अलिबाग तालुका. भात कापून झालेली खाचरं, बांधाला टेकवून ठेवलेले तीन ड्रायव्हर, म्हणजे गोल्फमध्ये लांब फटका मारायच्या काठ्या.

निवेदन:

सकाळच्या या वेळी इथे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. रात्रभर जमीन निवते, पाणी त्या मानाने उबदार राहतं, म्हणून हवा किनाऱ्याकडे सरकते. ऊन चढलं की सगळं उलटतं. जमीन तापते आणि दहा-अकराच्या पुढे समुद्रावरून खारा वारा आत येऊ लागतो. होडी घेऊन जाणाऱ्याला हे लहानपणापासून ठाऊक असतं. ड्रायव्हर विकत घ्यायला निघालेल्याला मात्र ते कुणी सांगत नाही. एक ड्रायव्हर सकाळी सातला मारून बघितला आणि दुसरा दुपारी बाराला, तर चेंडू कुठे पडला याच्या त्या दोन आकड्यांत ड्रायव्हरपेक्षा वाराच जास्त असतो.

दृश्य: खाचरात ठोकलेली टी, म्हणजे चेंडू ठेवायची छोटी खुंटी, मागे जमिनीवर ठेवलेलं लहान यंत्र.

निवेदन:

वाडी ज्यांची आहे ते काका नोकरीतून मोकळे झाल्यावर गोल्फ शिकले. खारघरला, डोंगरांच्या पायथ्याशी सिडकोने उभारलेल्या कोर्सवर ते खेळायला जातात. जुना ड्रायव्हर बदलावा असं त्यांच्या मनात आहे. नव्याची किंमत पन्नास हजार रुपयांच्या घरात जाते, तेव्हा मोजून मगच घ्यायचा असं त्यांनी ठरवलं. दोन नवे ड्रायव्हर खेळणाऱ्या मित्रांकडून मागून आणले आहेत. चार-पाच खाचरं सलग रिकामी आहेत, मालकांना विचारलेलं आहे. डावीकडच्या वाफ्यांत पांढऱ्या कांद्याची लावण झाली आहे, म्हणून दिशा त्यापासून बरीच उजवीकडे धरली आहे.

ड्रायव्हरच्या जाहिरातीत दरवर्षी आणखी लांब अंतराचं आश्वासन असतं. नियम काय म्हणतात ते आधी पाहू. ड्रायव्हरच्या डोक्याचा आकार 2004 पासून 460 घन सेंटीमीटरवर बांधलेला आहे. चेंडू फेसवरून, म्हणजे डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवरून, किती उसळावा यालाही मर्यादा आहे. त्याची चाचणी अशी: फेसवर एक छोटा लंबक आपटतात आणि धातूचा स्पर्श किती वेळ टिकला ते मोजतात. मर्यादा 239 मायक्रोसेकंदांची, त्यावर 18 ची सूट. बहुतेक कंपन्या या रेषेला केव्हाच टेकल्या आहेत. त्यामुळे चेंडू फेसच्या बरोबर मध्यावर बसला, तर गेल्या काही वर्षांतला चांगला ड्रायव्हर आणि यंदाचा ड्रायव्हर यांच्यात वेगाचा फरक फार थोडा निघतो.

सुधारणा झाली आहे ती मध्य चुकल्यावर काय होतं, यात. डोक्यातलं वजन कडेला आणि मागे नेलं की चेंडू टोकाला लागला तरी डोकं कमी वळतं. या गुणाला खेळणारे एमओआय म्हणतात. त्यालाही 5,900 ग्रॅम-चौरस सेंटीमीटरची मर्यादा आहे. आपल्यासारख्या हौशी माणसाने ड्रायव्हर बघताना मला वाटतं याच गुणाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं, कारण आपला चेंडू मध्यावर क्वचितच बसतो.

दृश्य: यंत्राच्या पडद्यावर उमटणारे आकडे.

निवेदन:

आता हे यंत्र. लाँच मॉनिटर. ट्रॅकमॅन ही डेन्मार्कची कंपनी 2003 साली सुरू झाली आणि रडारने चेंडूचा माग काढण्याचं काम गोल्फमध्ये रुजलं. रडार लहरी सोडतं, चालत्या चेंडूवरून त्या बदललेल्या कंपनसंख्येने परत येतात आणि त्यावरून वेग कळतो. क्रिकेटच्या सामन्यात गोलंदाजाचा वेग दाखवणारं रडार याच तत्त्वावर चालतं. दुसरी जात कॅमेऱ्यांची. ती चेंडूच्या शेजारी बसते आणि फटका बसल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांची छायाचित्रं घेऊन वेग, कोन आणि फिरकी काढते.

हा फरक किनाऱ्यावर फार महत्त्वाचा ठरतो. मोठं रडार चेंडूच्या मागे शेवटपर्यंत जातं, म्हणजे वाऱ्याने चेंडू अडवला तर तेही त्या मापात येतं. कॅमेरा आणि काकांकडे आहे तसलं लहान रडार सुरुवातीचं माप घेतात आणि पुढचं अंतर गणिताने काढतात. त्या गणितात समोरचा वारा नसतो. म्हणून पडद्यावर आलेलं अंतर आणि खाचरात चेंडू पडलेली जागा जुळली नाही, तर यंत्र बिघडलं असं लगेच समजू नये. पडद्यावरचा कुठला आकडा मोजलेला आहे आणि कुठला काढलेला आहे, एवढं विचारून घ्यावं. लहान रडारला फिरकी मोजणं विशेष जड जातं, म्हणून काही चेंडूंवर धातूची खूण असते. ती नसेल तर फिरकीचा आकडा बऱ्याचदा अंदाजाचा असतो.

काका पहिल्यांदा बघतात तो आकडा एकूण अंतराचा. मी त्यांना तो झाकून ठेवायला सांगितला. एकूण अंतरात चेंडू जमिनीवर पडल्यानंतरची घरंगळ धरलेली असते आणि यंत्र ती एक ठरावीक जमीन गृहीत धरून मिळवतं. कोकणातली जमीन वर्षभर एकसारखी कुठे असते? मे महिन्यात जांभ्याची जमीन दगडासारखी कडक होते, चेंडू उसळत दूर जातो. जुलैमध्ये तोच चेंडू पडल्या जागी रुततो. इथे ड्रायव्हरची तुलना करायची ती हवेतल्या अंतरावर, म्हणजे कॅरीवर.

कॅरी तीन गोष्टींवर उभी असते: चेंडूचा वेग, तो कुठल्या कोनाने निघाला, आणि मागची फिरकी किती. चेंडूच्या वेगाला क्लबच्या, म्हणजे हातातल्या काठीच्या, वेगाने भागलं की स्मॅश फॅक्टर मिळतो. ड्रायव्हरमध्ये तो 1.5 च्या आसपास थांबतो. पडद्यावर 1.6 दिसला तर आनंद मानू नका, क्लबचा वेग चुकीचा मोजला गेला आहे.

ट्रॅकमॅनने व्यावसायिक खेळाडूंची सरासरी प्रसिद्ध केली आहे. अनेक वर्षं वापरात असलेल्या त्या तक्त्यात अमेरिकेच्या पुरुष टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, क्लबचा वेग ताशी 113 मैल, कोन 10.9 अंश, फिरकी मिनिटाला 2,686 फेरे आणि कॅरी 275 यार्ड आहे. महिलांच्या टूरवर वेग 94 मैल, कोन 13.2 अंश, फिरकी 2,611 आणि कॅरी 218 यार्ड. क्लबात खेळणाऱ्या बहुतेक पुरुषांनी हा दुसरा आकडा भिंतीवर लावावा. आपला वेग त्याच्या जवळचा किंवा त्याहूनही कमी असतो, आणि तरीही दुकानात आपण टीव्हीवरच्या पुरुष खेळाडूचा कमी लॉफ्टचा, म्हणजे फेस मागे कमी कललेला, ड्रायव्हर मागतो. महिला खेळाडू क्लब चेंडूपर्यंत वर चढत्या वाटेने, सरासरी 3 अंशांनी, आणतात. पुरुषांचा तो सरासरी 1.3 अंश खाली उतरत येतो. कमी वेगात लांब मारायचं तर चेंडू उंच निघायला हवा आणि हवेत टिकायला हवा, म्हणून चढता फटका आणि जास्त लॉफ्ट कामाला येतात.

दृश्य: चेंडूवर मार्करचा ठिपका, मग ड्रायव्हरच्या फेसवर उमटलेली खूण.

निवेदन:

चेंडूवर व्हाइटबोर्डच्या मार्करने ठिपका काढला की तो फेसवर उमटतो. साधी युक्ती, पण यंत्राइतकीच मोलाची. फेसवर खाली लागलेला चेंडू कमी कोनाने निघतो आणि जास्त फिरतो. वर लागलेला उंच निघतो आणि कमी फिरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू टोकाकडे लागला तर डावीकडे वळू पाहतो, दांड्याकडे लागला तर उजवीकडे. काकांच्या दुसऱ्या ड्रायव्हरची फिरकी खूप जास्त दिसत होती आणि ते तो बाजूला ठेवायला निघाले होते. खुणा पाहिल्या तर सगळ्या फेसच्या खालच्या अर्ध्यात होत्या. टी थोडी उंच केली आणि फिरकी उतरली. डोक्यात दोष नव्हता.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुकानात एका ड्रायव्हरने पाच चेंडू मारतात, दुसऱ्याने पाच, आणि सरासरीत सात यार्ड पुढे आलेला विकत घेतात. समजा तुमच्या फटक्यांची कॅरी सरासरीच्या आजूबाजूला साधारण 15 यार्डांनी हलते. हौशी खेळाडूच्या बाबतीत ते सहज शक्य आहे. मग पाच चेंडूंच्या सरासरीतच सुमारे सात यार्डांचा हेलकावा असतो. दोन सरासऱ्यांतल्या फरकात तो साडेनऊ यार्डांवर जातो. त्यात सात यार्डांची आघाडी म्हणजे कौल नव्हे. प्रत्येकी वीस चेंडू मारले तर हा हेलकावा पाच यार्डांच्या आत येतो. तोपर्यंत पन्नास हजार रुपये खिशात राहू द्यावेत.

आणि ते वीस चेंडू सलग मारू नयेत. सुरुवातीला अंग आखडलेलं असतं, शेवटी दमलेलं. आमच्याकडे काका तीन चेंडू एकाने मारतात, तीन दुसऱ्याने, तीन तिसऱ्याने, आणि पुन्हा पहिल्याकडे येतात. वारा, घाम, दमणूक, सगळं तिघांच्या वाट्याला सारखं येतं. चेंडू एकाच बनावटीचे. ग्रिप दर फेरीला कोरड्या फडक्याने पुसायची, कारण इथल्या दमट हवेत हात घसरतो आणि तो घसरलेला फटका बिचाऱ्या ड्रायव्हरच्या नावावर जमा होतो. वाईट फटकाही वहीत लिहायचा. नावडते आकडे खोडून काढलेली सरासरी कुठल्याच ड्रायव्हरची नसते.

दमट हवेवरून आठवलं. किनाऱ्यावरची हवा जड, म्हणून चेंडू जवळ पडतो, असं इथे बरेच जण मानतात. पाण्याच्या वाफेचा रेणू कोरड्या हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका असतो, 18 विरुद्ध 29. त्यामुळे त्याच तापमानाला दमट हवा कोरडीपेक्षा किंचित विरळच असते. खरा फरक उंचीचा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे, तिथली हवा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ, आणि तिथे चेंडू अधिक जातो. पुण्यात काढलेला आकडा आणि अलिबागचा आकडा शेजारी ठेवायचे असतील, तर यंत्रात एकच उंची आणि एकच तापमान धरून दोन्ही पुन्हा काढावे लागतात.

दृश्य: वहीचं पान. प्रत्येक चेंडूसाठी एक ठिपका, तीन रंगांत.

निवेदन:

वहीत काकांनी लांबीबरोबर डावं-उजवंही टिपलं आहे. तिन्ही रंगांचे ठिपके लांबीत एकमेकांत मिसळलेले आहेत. रुंदीत मात्र एक रंग वेगळा दिसतो. जुन्या ड्रायव्हरचे ठिपके दोन्ही बाजूंना पसरले आहेत, दुसऱ्या नव्याचे मधोमध गोळा झाले आहेत. सर्वांत लांब गेलेला एकटा चेंडू जुन्याचाच आहे. त्या एका ठिपक्याकडे काका पुन्हा पुन्हा बघतात. ते साहजिक आहे, तसा बसलेला फटका माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही. पण कोर्सवर दुसरा फटका मारायला गवतातून जायचं की झाडाखालून, हे त्या पसरलेल्या ठिपक्यांवर ठरतं.

बांधावर बसून चेंडू गोळा करणारा दादा इतक्यात म्हणतो, "वारा फिरला, काका. आता लिहू नका." काका वही मिटतात.

दुसऱ्या ड्रायव्हरने चेंडू निघण्याचा कोन अजून कमी आहे. त्याचा लॉफ्ट 9 अंश. दांडा जिथे डोक्यात बसतो तिथली स्लीव्ह पान्याने सोडवून फिरवली, तर तो साडेदहापर्यंत नेता येतो. काकांनी ती फिरवून स्क्रू घट्ट केला. पान्याचा खटका ऐकू आला की पुरे, त्यापेक्षा जोर लावायचा नाही. फक्त एक गोष्ट आहे. स्लीव्हने लॉफ्ट वाढवला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेस थोडा डावीकडे बंद होतो, म्हणजे मधोमध गोळा झालेले ते ठिपके आता सरकू शकतात. तेव्हा वहीत काकांनी त्याच्यासाठी नवं पान घेतलं आहे, चौथा रंग ठरवला आहे, आणि त्याचे वीस चेंडू पहिल्यापासून मोजायचे आहेत. जुना ड्रायव्हरही त्या फेऱ्यांत सोबत असेल, नाहीतर तुलना कशाशी करणार?