पेटी जिथे हरते

श्रोतेहो, नमस्कार.

ज्या आकाशवाणीवरून मी आज तुमच्याशी बोलतोय, तिनं १९४० साली माझ्या वाद्याला दार बंद केलं होतं. हार्मोनियमला, म्हणजे आपल्या पेटीला. आरोप असा की पेटीचे सूर बांधीव. आपल्या गाण्यातल्या श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, तिच्यातून निघत नाहीत. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तिला जमत नाही. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. माझे गुरुजी हे सांगताना दरवेळी नव्यानं चिडायचे. मी गेली चाळीस वर्षं गोव्यात फोंड्याच्या आसपास देवळांत, जत्रांत, मैफलींत साथ करतोय आणि आता या वयात कबूल करायला हरकत नाही, बंदी चूक होती पण आरोप खरा होता.

आवडीची गाणी सांगा, म्हणून निरोप आला तेव्हा कागद घेऊन बसलो. चार-पाच नावं लिहिली आणि माझं मलाच हसू आलं. एक सोडलं तर बाकी सगळी गाणी अशी, की जिथे माझी पेटी हरते.

पहिलं केसरबाई केरकरांचं 'जात कहाँ हो'. भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटांची. बाई आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली. त्यांच्यासोबत सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर पृथ्वीवरचं संगीत पाठवलं, आणि त्यात भारतातून हे एवढं एकच गाणं गेलं. व्हॉयेजर एक ५ सप्टेंबरला उडालं, १६ सप्टेंबरला बाई गेल्या. ते यान आता २४०० कोटी किलोमीटरच्याही पलीकडे पोचलंय. बाहेरगावचा कुणी भेटला की हे सगळं मी त्याला छाती फुगवून ऐकवतो. पण यान उडालं नसतं तरी गाणं मला तितकंच आवडलं असतं.

भैरवीत बाराही सूर चालतात. म्हणजे सप्तकातली माझी एकही पट्टी रिकामी बसत नाही, सगळ्या कामाला. पंचविशीत मी एकदा हट्टाला पेटलो. रेकॉर्डशी पट्टी जुळवून घेतली, खोलीचं दार लावलं आणि बाईंच्या मागोमाग वाजवायला लागलो. कोमल रिषभ मिळायचा. पण त्या रिषभापर्यंत बाई ज्या वाटेनं यायच्या, ती वाट दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीतून जाते, आणि त्या फटीत माझ्याकडे नुसतं लाकूड. भाता मऊ केला, बोटं एकावर एक चढवून पाहिली, कणस्वर लावले. पाचव्या दिवशी भाता सोडून दिला आणि नुसता ऐकत बसलो. थोड्या वेळानं पडवीतून आईचा आवाज आला, 'आतां बरें लागता!'

हल्लीच्या कीबोर्डवर चाक फिरवलं की मींड निघते, हे मला ठाऊक आहे. मुलं वाजवून दाखवतात. मला ती ताणलेल्या रबरासारखी वाटते. असो.

दुसरं गाणं जत्रेतलं. आपल्याकडे देवळाच्या जत्रेला गावचेच लोक रात्रभर संगीत नाटक करतात, हे इथल्या श्रोत्यांना मी काय सांगायचं? दिवसा दुकानात बसणारा रात्री तोंडाला रंग लावून पराशर होतो. एका गावात 'मत्स्यगंधा' होतं. वसंत कानेटकरांचं, १९६४ सालचं. संगीत आमच्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं. नाट्यपदाला आटोपशीर कसं करायचं आणि तरीही त्यातलं गाणं कसं राखायचं, हे बुवांकडून शिकावं. मूळ प्रयोगात ही पदं गाणारे रामदास कामत आणि आशालताबाई, दोघंही गोव्याचीच.

रात्रीचे अडीच वाजले असतील. दव पडलेलं, पेटी गारठलेली. 'गुंतता हृदय हे' सुरू झालं आणि पहिल्याच कडव्याला माझी मध्यमाची पट्टी खाली बसली ती वर येईना. पट्टी अशी अडकली की सूर थांबत नाही, भाता हलेल तोवर तो एकच सूर भोंग्यासारखा वाजत राहतो. नखानं उचलून पाहिली, खालून टिचकी मारली. शेजारी आमचे म्हातारे तबलजी. त्यांनी ठेका न सोडता मान माझ्याकडे वळवली आणि पुटपुटले, 'मातसो राव रे पुता.' जरा थांब रे बाळा. मी भाता मिटला. रंगमंचावरचा गावकरी गडी एकदाच माझ्याकडे दचकून बघितला आणि मग नुसत्या तबल्यावर गात राहिला. पेटी होती तोवर तो माझ्या सुराला धरून चालत होता. आता त्याचं त्यालाच चालायचं होतं. ते पद मी शेकडो वेळा वाजवलंय, पण पहिल्यांदा ऐकलं ते त्या रात्री. त्यानंतर या पदाच्या साथीला बसलो की दोन-चार जागा मी मुद्दाम मोकळ्या सोडतो. काही गायकांना ते आवडत नाही.

बुवांचंच 'हे सुरांनो चंद्र व्हा' घ्या, शिरवाडकरांच्या 'ययाति आणि देवयानी'मधलं. राग चारुकेशी, दक्षिणेकडून आपल्याकडे आलेला. पंचमाच्या खाली सगळे सूर शुद्ध, वर गेलं की धैवत-निषाद कोमल. खालच्या अंगात ऊन आणि वरच्या अंगात कातरवेळ, असं काहीसं. हे पद पेटीवर छान वाजतं, अगदी सुरेख वाजतं, आणि तेवढ्यासाठीच ते माझ्या यादीत जरा खाली आहे.

किशोरीताई आमोणकरांचं भूपातलं 'सहेला रे' मात्र वर. रात्रीचा भूप आणि सकाळचा देशकार, दोन्हींच्या माझ्याकडे पट्ट्या त्याच पाच. सकाळ की रात्र, ते पेटीला कळत नाही, वाजवणाऱ्यानं सांभाळायचं. ताईंच्या भूपातला गंधार ऐकला की माझा गंधार पाटीवर खडूनं लिहिल्यासारखा वाटतो. त्यांच्या आई मोगूबाई आमच्या कुर्डीच्या. ते गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की पुन्हा वर येतं. एका उन्हाळ्यात मी तिथे गेलो होतो. भेगाळलेला गाळ, चिऱ्यांची जोती, तुळशीवृंदावनाचा उरलेला खांब. खिशात मोबाईल होता, त्यावर 'सहेला रे' लावावं असं मनात आलं होतं. नाही लावलं.

आणि चवथीची आरती. घरात पाच घुमटं, म्हणजे मातीच्या घटाला कातडं ताणून केलेली वाद्यं, जोडीला शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळी, म्हणजे झांजा. घुमटाच्या तोंडाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं असतं. एकदा सुवारी, म्हणजे घुमटांचं जोरकस वादन, चढली की पेटी आहे का नाही, कुणाला पत्ता लागत नाही. मी वाजवत असतो आपला. कधीकधी भाता बंद असतो आणि बोटं नुसतीच फिरत असतात.

काचेपलीकडून हात झालाय, म्हणजे तबकडी तयार आहे. पेटी सोबत आणली होती, वाटलं दोन जागा वाजवून दाखवीन. पण तिची कडी मी काढलेलीच नाही. ऐका, केसरबाई.