ढेप्याचा हजेरीपट

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि सायंकाळची कामे बाजूला ठेवून आलेल्या बंधुभगिनींनो,

फलकावर आजचा विषय ‘कामाच्या ठिकाणी कुत्रा असण्याचे फायदे’ असा लिहिला आहे, आणि तो माझ्याच आग्रहाने लिहिला गेला आहे. जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी ३४ वर्षे रोजकीर्द आणि खतावणी या हिशेबाच्या वह्या लिहिल्या. त्यांपैकी ११ वर्षे त्या आवारात एक कुत्रा होता. त्या ११ वर्षांत जे पाहिले त्यावरून माझे मत असे बनले आहे की, जिथे माणसे दिवसाचे दहा-दहा तास राबतात तिथे एक कुत्रा असावा. मात्र तो फाटकाशी घुटमळणारा, उष्ट्यावर जगणारा नसावा. त्याला नाव असावे, बसायला ठरलेली जागा असावी, त्याच्या लसीची तारीख कुणाच्या तरी वहीत असावी आणि त्याच्या भाकरीचा खर्च हिशेबात उघड दिसावा.

हा विषय निघाला की पुष्कळांना ते अमेरिकेतील खूळ वाटते. तिकडे १९९९ पासून दर जूनमध्ये ‘कुत्र्याला कामावर न्या’ असा एक दिवस पाळतात, संगणकाच्या कंपन्यांत टेबलाखाली झोपलेल्या कुत्र्यांची छायाचित्रे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही येतात, आणि त्यामुळे ही श्रीमंतांची हौस आहे असा समज होतो. माझे म्हणणे असे की, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजय राजाचे सत्र, म्हणजे दीर्घ यज्ञ, कुरुक्षेत्री चालू असते. तिथे सरमा या देवांच्या कुत्रीचे पिल्लू येते आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारून हाकलतात. पिल्लू रडत आईकडे जाते. आईसुद्धा प्रथम त्यालाच विचारते की, तू काही आगळीक केली असशील. पिल्लू सांगते की, मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही आणि त्याला जीभही लावली नाही. मग सरमा त्या यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते, आणि तेथे बसलेल्या एवढ्या मोठ्या लोकांपैकी एकालाही उत्तर देता येत नाही. निरपराध्याला मारलेत, तेव्हा तुमच्यावर न दिसणारे भय येईल, असे ती बोलून जाते. याच महाभारताच्या शेवटाकडे युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसायला नकार देतो. कीर्तनात आपण युधिष्ठिराची कथा शंभर वेळा ऐकतो, पण सरमेची क्वचितच ऐकायला मिळते. मला मात्र तीच अधिक जवळची वाटते, कारण तो मंडप म्हणजे एक कामाची जागाच होती आणि ते पिल्लू कुणाच्याही कामात आड येत नव्हते.

आता आमच्या कुत्र्याविषयी. सरकीच्या ढेपेची पोती ज्या पत्र्याखाली रचलेली असत, तिथे एका हिवाळ्यात तो सापडला. रंगही ढेपेसारखाच, मातकट पिवळा. हमालांनी त्याचे नाव ढेप्या ठेवले. जात गावठी, एक कान कायम दुमडलेला. दसरा उलटला की कापसाच्या गाड्या सुरू होत आणि होळीपर्यंत जिनिंग दोन पाळ्यांत चाले. त्या दिवसांत आवारात कापसाच्या गंज्या घराएवढ्या उंच असतात. ज्यांनी जिनिंग जवळून पाहिले आहे त्यांना आगीची भीती वेगळी सांगायला नको. कापसातून एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात गेला की ठिणगी उडते; ती रुईबरोबर पुढे ओढली जाते आणि प्रेसमध्ये दाबली गेली तर गाठीच्या पोटात धुमसत राहते. १७० किलोची घट्ट आवळलेली गाठ, आत हवा फार थोडी, त्यामुळे ज्वाळा निघत नाही आणि बाहेरून काहीही कळत नाही. कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती गाठ पेट घेते, आणि तोवर तिच्याभोवती शंभर गाठी रचलेल्या असतात.

जानेवारीतील एका रात्री मी हिशेबासाठी कचेरीतच मुक्कामाला होतो. आमचे रात्रीचे रखवालदार वयाने साठीला आलेले होते आणि ढेप्या त्यांच्याबरोबर फेरी घालत असे. खरे सांगायचे तर तेच ढेप्याबरोबर फेरी घालत. ढेप्या उठला की ते उठत, तो ज्या वाटेने जाई त्या वाटेने बॅटरी घेऊन जात. रात्री दोनच्या सुमारास त्यांनी दार वाजवले आणि म्हणाले, “अण्णा, उठा. ढेप्या काहीतरी सांगी राहिना,” म्हणजे सांगतो आहे. मी शाल गुंडाळून गेलो. ढेप्या गाठींच्या थप्पीपुढे उभा होता. तो भुंकत नव्हता. दुसऱ्या रांगेतील खालच्या गाठीला नाक लावायचा, मागे सरकायचा, शिंकल्यासारखे करायचा आणि पुन्हा नाक लावायचा. मी दोन-चार गाठींना हात लावून पाहिला. त्या रात्री थंडी इतकी होती की गाठींभोवती आवळलेल्या पट्ट्यांचे लोखंड बोटांना चावत होते. त्या एका गाठीची पट्टी मात्र कोमट होती. आम्ही रात्रपाळीच्या हमालांना बोलावले, वरच्या गाठी उतरवल्या, ती गाठ लोळवत मोकळ्या मैदानात नेली आणि पाण्याच्या टाकीजवळ ठेवली. पहाटे तिच्या एका कोपऱ्यातून बारीक धूर निघू लागला. हमालांनी तिच्यावर पाणी ओतायला सुरुवात केली तेव्हा ढेप्या माझ्या पायाशी बसून ते पाहत होता. त्या वेळी त्याच्या पाठीवर ठेवलेल्या हाताला लागलेली ऊब मला आजही आठवते.

तुम्ही म्हणाल, हा रखवालीचा फायदा झाला, तो कुणीही मान्य करील. मला त्याहून मोठा वाटतो तो दुसराच फायदा. आमच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली एक ओटा होता. दुपारच्या सुट्टीत ढेप्या तिथे पडून असे. हमाल आपापल्या कळण्याच्या भाकरीतला एक तुकडा त्याला द्यायला तिथे येत, कापसातील कचरा वेचणाऱ्या बाया येत, मापाडी येत आणि आम्ही कारकून मंडळीही डबे घेऊन तिथेच बसू लागलो. ढेप्याच्या आधी असे कधी नव्हते. एकदा माणसे एका ओट्यावर बसू लागली की बोलणे ढेप्यावरून निघून पुढे जाते. कुणाच्या मुलीचे लग्न आहे, कुणाला उचल हवी आहे, कोणत्या यंत्राचा आवाज बदलला आहे, हे मला हजेरीपटावरून कधीच कळले नसते. एका हमालाची उचल चुकीच्या नावावर मांडली गेली होती, ती चूक मला त्याच ओट्यावर समजली आणि त्याच संध्याकाळी दुरुस्त झाली.

कचरा वेचणाऱ्यांपैकी एका बाईंना लहानपणी कुत्रा चावला होता. ढेप्या दिसला की त्या भिंतीला चिकटून उभ्या राहत. त्यांच्या भीतीला कुणी हसू नये अशी मी ताकीद दिली आणि त्यांची पाळी सुरू होण्याच्या व सुटण्याच्या वेळी अर्धा तास ढेप्याला साखळीने बांधून ठेवायचे ठरवले. हा नियम शेवटपर्यंत पाळला गेला. कुत्रा ठेवायचा तर त्याला भिणाऱ्या माणसाची सोय आधी करावी लागते, हे मी इथे आग्रहाने सांगतो.

ढेप्याचा खर्च म्हणजे रोजच्या दोन भाकरी, उन्हाळ्यात पाण्याचे कुंड आणि वर्षातून एकदा रेबीजची लस. गुरांच्या दवाखान्यातील लशीची पावती मी खतावणीत ‘रखवाली खर्च’ या खात्यावर टाकत असे. पुढे व्यवस्थापन बदलले. नव्या साहेबांनी पहिल्याच महिन्यात त्या नोंदीवर लाल रेघ मारली. मी गाठीची हकीकत सांगितली, त्या एका गाठीची त्या हंगामातील किंमत कागदावर मांडून दाखवली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि आवारात जनावर नको एवढेच उत्तर दिले. दोन दिवसांनी मी तालुक्याला गेलो असताना ढेप्याला पोत्यात घालून टेम्पोने तापीपलीकडे सोडून देण्यात आले. मी तीन रविवार त्या काठच्या गावांत फिरलो, तो सापडला नाही. अकरा वर्षांचा कुत्रा म्हणजे म्हाताराच. अनोळखी गावातील कुत्र्यांत त्याचा निभाव लागला नसणार, हे मला त्याही वेळी कळत होते. पुढल्या हंगामात ओट्यावर कुणी बसेना. हमाल फाटकाशी जेवू लागले, कारकून आत पंख्याखाली. रखवालदारांनी काम सोडले. जाब विचारायला आमच्याकडे सरमा नव्हती, म्हणून ही हकीकत मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहाच मिनिटे उरली आहेत. फायद्यांचा जो भाग मुख्य म्हणून योजला होता तो आता थोडक्यात सांगतो.

पहिला मुद्दा ताणाचा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो येथे चिनी मातीची जुनी भांडी विकणारी एक कंपनी आहे आणि तिथे रोज वीस-तीस कुत्री कामगारांबरोबर येतात. तिथे व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या अभ्यासकांनी केलेली पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. कुत्रा सोबत असलेल्यांनी सांगितलेला ताण दिवसभरात उतरत गेला, इतरांचा चढत गेला, आणि ज्यांनी एखाद्या दिवशी कुत्रा घरी ठेवला त्यांचाही त्या दिवशी चढला. ही पाहणी एका कंपनीतील एका आठवड्याची आहे आणि ताण लोकांनी स्वतः सांगितलेला आहे. हिशेबनीस म्हणून मी ती तेवढ्याच वजनाने मांडतो. दुसरा मुद्दा जिव्हाळ्याचा. जपानच्या अझाबू विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की, माणूस आणि त्याचा कुत्रा एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे बाळ यांच्यातील मायेशी जोडलेले हेच ते संप्रेरक. तिसरे उदाहरण घरचे. मुंबईत टाटा समूहाच्या बॉम्बे हाऊसमध्ये आसपासच्या भटक्या कुत्र्यांना आसरा देण्याची जुनी रीत आहे, आणि २०१८ मध्ये त्या इमारतीचे नूतनीकरण झाले तेव्हा कुत्र्यांसाठी स्वतंत्र खोली बांधली गेली. ज्या समूहाचे हिशेब जगभर पसरले आहेत त्याला ही नोंद परवडते, मग आपल्या आडतीला, तेलघाण्याला, केळीच्या वखारीला ती जड का व्हावी?

आता धोक्याविषयी. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा किंवा ओरखडा लागला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्यावी. हळद-तिखट भरत बसू नये. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवण्याचा आणि ती पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश दिला. रुग्णालयात कुत्रा नसावा हे मलाही मान्य आहे. परंतु कारखाना, वखार, दुकान अशा जागी जे कुत्रे वर्षानुवर्षे राहते त्याची नसबंदी, लस आणि अन्न यांची जबाबदारी मालकाने पत्करली, तर ते भटके राहतच नाही. ढेप्याच्या बाबतीत आम्ही ती पत्करली होती, आणि अकरा वर्षांत त्याने एकदाही कुणाला दात लावला नाही.

शेवटी एक विनंती करतो. आत येताना आपण जिथे चपला काढल्या त्या पायरीवर एक पांढरी कुत्री बसलेली सर्वांनी पाहिली असेल. मी आज दुपारी लवकर आलो होतो, तेव्हा शिपाईदादांना विचारले. ती पाच वर्षांपासून इथे आहे, रात्री दाराशी झोपते, मुले तिला बिस्किटे घालतात. पण तिची नसबंदी झाली आहे का, तिला लस कधी टोचली, हे कुणालाच ठाऊक नाही आणि तिला नावही नाही. येत्या सोमवारी मी तिला रिक्षाने गुरांच्या दवाखान्यात घेऊन जाईन. खर्च माझा, पावती मात्र वाचनालयाच्या नावाने फाडावी, आणि चिटणीसांनी ती किरकोळात न घालता तिच्या नावाने खाते उघडून लिहावी. नाव काय ठेवायचे ते मुलांना विचारा.